कुरुळीला जाऊन फियाटचे पॉइंट काढून आलो, त्याची हकीकत

ही हकीकत मी सहा वर्षं टाळली. म्हणजे सांगितली पुष्कळदा. लग्नात, बारशात, बँकेतल्या पेन्शनच्या रांगेत, कुणी नुसतं "फियाट अजून चालते का हो?" म्हटलं की मी सुरू व्हायचो. ताथवड्याच्या फाटकात अडकलेली गाडी सांगायचो, चिखलीच्या बाईंनी केलेली माझी हजामत सांगायचो, कुरुळीची मासवडी तर हाताने वळून दाखवायचो. लोक हसायचे, मीही हसायचो. पण तिच्यातला एक भाग मी दर वेळी गाळत आलो. आता सत्त्याहत्तरावं लागलं आहे. गाळलेलं जागच्या जागी घालून एकदा सगळं लिहून काढतो.

त्यासाठी आधी पस्तीस-एक वर्षं मागे जावं लागेल. फार वेळ घेत नाही.

जुन्या गाडीत प्लगला ठिणगी केव्हा द्यायची, हे डिस्ट्रिब्युटर नावाच्या एका डबीत ठरतं. त्या डबीत दोन चिमुकले धातूचे ठिपके असतात, त्यांना पॉइंट म्हणतात. गाडी चालू असली की ते सारखे मिटतात आणि उघडतात. शेजारी फेल्टचा एक तुकडा असतो. त्याला कधीमधी तेलाचा एक थेंब द्यायचा. एकच. जास्त झाला तर तो पॉइंटवर उडतो, ठिणगी मरते आणि गाडी जिथे असेल तिथे बसते.

मी तेव्हा विट्याजवळच्या आमच्या गावी दूध संघाचा सचिव होतो. संघाच्या बारा गाड्या आणि माझी पिस्ता रंगाची फियाट, सगळ्यांचं काम महादू मिस्त्रीकडे असे. महादेव साळुंखे. डावखुरा, हसरा, माझ्यापेक्षा दहा-अकरा वर्षांनी लहान. त्या वर्षी खंडेनवमीला त्याने माझी गाडी लख्ख करून दिली. दसऱ्याला अध्यक्षांना त्याच गाडीतून शेजारच्या गावी शीतकरण केंद्राच्या उद्घाटनाला न्यायचं होतं.

सकाळी मी गाडीची पूजा केली. हार घातला, हळदकुंकू लावलं, चाकांखाली लिंबं ठेवली. तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण मला वाटलं, आतल्या यंत्रालाही आज काहीतरी मिळायला हवं. महादूने दाखवल्याप्रमाणे डबीचं झाकण काढलं. फेल्टला तेल द्यायचं, पण सणाच्या दिवशी यंत्राचं काळं तेल? मन घेईना. मग मी निरांजनातलं साजूक तूप ओतलं. चांगलं अर्धा चमचा.

"अहो, हे काय करताय?" आमच्या हिने विचारलं.

"तुला यातलं कळत नाही," मी म्हणालो.

घाटाच्या मधोमध गाडी बसली. अध्यक्ष गुलाबी फेटा बांधून दुधाच्या टेम्पोत, कॅनच्या मध्ये बसून उद्घाटनाला पोचले. बँडवाले वाजवायचं सोडून हसत होते. रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने डबी उघडली, आत बोट फिरवलं, हुंगलं आणि मला म्हणाला, "साहेब, आत शिरा केलाय का?"

मला तिथेच कळलं. तरी संध्याकाळी संघाच्या कचेरीत, सगळ्यांसमोर, मी म्हणालो, "महादूने तेल जास्त सोडलं होतं."

अध्यक्षांनी बाराही गाड्या त्याच्याकडून काढल्या. संघाच्या गाड्या गेल्या तशी गावातली बाकीची गिऱ्हाइकंही गेली. पुढच्या दसऱ्याच्या आत महादूने गॅरेजला कुलूप घातलं आणि तो बायकामुलांसह पिंपरीला निघून गेला. तो काही बोलला नाही. मीही बोललो नाही.

मधली वर्षं सोडून देतो. फियाटला आता चांगले पॉइंट मिळेनासे झाले होते. जे मिळत ते महिन्याभरात जळत. बाजाराला जायचं तर हातात पिशवी, खिशात पॉइंट घासायला पॉलिश पेपर. जुन्या गाड्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, पॉइंट काढून टाका, इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, चाकणजवळ कुरुळीला एक मिस्त्री आहेत, त्यांच्या हाताला तोड नाही. खाली फोटो होता. डोक्यावर केस नव्हते, पण स्क्रू ड्रायव्हर डाव्या हातात होता.

मी फोन हिच्यापुढे धरला. तिने चष्मा लावून नीट पाहिलं. "जा," म्हणाली. "आणि सांगून या." थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून आवाज आला, "मीही येते. नाहीतर तुम्ही नुसती गाडी करून याल."

ताथवडे

आमची मुलगी अनघा पुण्याजवळ ताथवड्याला राहते, म्हणून पहिला मुक्काम तिथे. वाटेत गाडी चार वेळा बसली. चारही वेळा मी झाकण काढून पॉइंट पुसले आणि चारही वेळा हिने विचारलं, "त्याला पहिलं वाक्य काय म्हणणार?" मी म्हणायचो, पाठ करतोय.

पाचव्यांदा गाडी बसली ती अनघाच्या सोसायटीच्या फाटकात, तेही आडवा दांडा वर गेल्यावर. दांड्याला वाटलं गाडी आत गेली. तो खाली आला आणि अलगद आमच्या बॉनेटवर टेकला, जणू आशीर्वादच देत होता. मागे कॅबची रांग. पहारेकरी धावत आला.

"आजोबा, गाडी पुढे घ्या ना!"

"माझीही तीच इच्छा आहे, बाबा."

"कोणत्या फ्लॅटला जायचंय? आधी अ‍ॅपवर परवानगी लागेल."

"माणसांची की गाडीची?"

"दोघांची."

आमच्याकडे पाहुणा आला की दारातली कुत्री भुंकतात, तीच परवानगी. इथे अनघाने नवव्या मजल्यावरून फोनवर कुठेतरी बोट टेकवलं, तेव्हा आम्ही तिचे आईबाप ठरलो. तोवर मागच्या कॅबमधून पाठीवर लॅपटॉप अडकवलेले तिघे तरुण उतरले होते. शिव्या खाव्या लागणार असं मला वाटलं. पण एकाने फियाटच्या छपरावर हात फिरवला आणि ओरडला, "भावा, स्टिअरिंगला गिअर आहे राव! लाव जोर!" तिघांनी धक्का मारत गाडी थेट उतारावरून तळघरात सोडली. मी ब्रेक दाबून बसलो होतो, ही डोळे मिटून बसली होती आणि ते तिघे मागून हुर्रे करत पळत होते. दुसऱ्या तळघरात गाडी थांबली. त्यांनी तिच्यासोबत फोटो काढले. एकाने आमच्या हिलाही फोटोत घेतलं, तिने लगेच पदर सारखा केला.

रात्री जेवताना अनघाने फोन वाचून दाखवला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणी तक्रार केली होती, तळघरात पेट्रोलचा वास येतो. त्याखाली दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, माझ्या आजोबांच्या गाडीचा असाच वास यायचा, कृपया गाडी राहू द्या. मला इतका आनंद झाला की मी दुसऱ्यांदा आमटी घेतली.

चिखली

नव्या इग्निशनचा संच चिखलीतून न्यायचा होता. महादूनेच फोनवर पत्ता दिला होता. त्या फोनबद्दल सांगायचं राहिलं. मी नाव सांगितलं. मग एवढ्या मोठ्याने आवाज आला की मी फोन कानापासून लांब धरला. "साहेब! गाडी हाय व्हय अजून? या की! वयनींना घिऊन या!" पाठ केलेलं पहिलं वाक्य मी तिथेच विसरलो.

चिखलीत एका गल्लीत पत्र्याच्या शेडची रांग आहे. एकीत कुणी स्प्रिंगा वळतंय, दुसरीत रबराचे वायसर कापतंय, आणि या दोन शेडच्या मध्ये एका दारावर तोरण आणि आत बाळाचा पाळणा. आमच्या गावात काम, घर, दुकान निरनिराळं असतं. इथे एकाच पत्र्याखाली तिन्ही नांदतात. संच बनवणाऱ्या बाई नांदेडकडच्या. तिशी-पस्तिशीच्या, डोळ्यावर भिंग अडकवलेलं, हातात सोल्डरची कांडी. कंपन्यांसाठी त्या सेन्सर बनवत आणि मधल्या वेळात जुन्या गाड्यांचे हे संच.

संच बघून मी हसायलाच लागलो. एक काळी चकती, तिच्यात लोहचुंबक. एक बोटाएवढा तुकडा, त्याला दोन वायरी, लाल आणि काळी. बस्स.

"एवढंच?"

"अजून काय पायजे, काका? चुंबक फिरतं, हा तुकडा वळखतो, ठिणगी पडते. घासायला काहीच नाही, तर झिजंल कशाला?"

"आणि तेल?"

"तेल बिल काही नाही." मग त्यांनी भिंग वर सरकवलं आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. "काका, इंजिन बंद असताना चावी चालू ठेवायची नाही. जळून जाईल. अन् अजून एक. तुम्ही सोता हात घालता का गाडीत?"

"कधीमधी," मी म्हणालो.

"कधीमधी!" ही म्हणाली.

"मग साळुंखेमामांना आधीच सांगून टाका, कुठं कुठं हात घातलाय ते. मामा लई कडक हायेत त्या बाबतीत. गिऱ्हाईक खोटं बोललं की मामा बॉनेट लावून टाकतात. डॉक्टरला अन् मिस्त्रीला लपवायचं नसतं म्हणतात."

मी संच छातीशी धरून गाडीत येऊन बसलो. हिने काही बोलायची गरजच उरली नव्हती. तरी ती म्हणाली, "बघा. आता तर सरळ विचारणारच आहेत."

कुरुळी

मोशी सोडली, इंद्रायणी ओलांडली आणि रस्त्यावर आमच्या पुढे-मागे नव्या कोऱ्या मोटारी वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर आले. एकेकावर सात-सात, आठ-आठ गाड्या, काचांवर कागद, एकीच्याही चाकाला अजून माती नाही. त्यांच्या मधून आमची म्हातारी धुरळा खोकत चालली होती. सिग्नलला एका ट्रेलरच्या ड्रायव्हरने खाली वाकून विचारलं, "काका, चढवू का वर?"

कुरुळीत एका बाजूला कोथिंबिरीचं शेत आणि दुसऱ्या बाजूला कारखान्याची भिंत, असं चाललं होतं. महादूचं घर म्हणजे सहा खोल्यांची एक चाळ. दोन खोल्यांत तो, मुलगा उमेश, सून सुवर्णा. चारांत कंपनीत काम करणारे भाडेकरू. पुढे अंगण, अंगणात शेड. आम्ही फाटकाशी पोचलो तो महादू दोन्ही हात उंच करून धावत आला. मला वाटलं आनंदाने. तो हातांनी सांगत होता, गाडी बंद करा!

मी गाडी बंद केली. तो जवळ आला आणि कुजबुजला, "थर्ड शिफ्ट झोपलीया."

चार खोल्यांपैकी दोनांच्या कडीला लाल फडकं बांधलेलं होतं. तिथली रीतच तशी. रात्रपाळी करून आलेला माणूस दाराला लाल फडकं बांधून झोपतो आणि दुपारचे तीन वाजेपर्यंत त्या अंगणात कुणी मोठ्याने बोलत नाही, भांडं आपटत नाही, इंजिन तर मुळीच चालू करत नाही. आमच्या गावी दुपारी झोपलेल्याला लोक मुद्दाम उठवून विचारतात, बरं नाही का? इथे फडक्यापुढे आख्खं अंगण चवड्यावर चालतं.

तेव्हा अकरा वाजले होते. आम्ही तिघांनी ढकलून गाडी शेडमध्ये घेतली. महादूने माझ्याकडे नीट पाहिलं. त्याचे डोळे ओले होते, तोंड हसत होतं. मी वाकून त्याच्या खांद्याला धरलं आणि हिचे डोळे मला पाठीत टोचत होते म्हणून तिथल्या तिथे कुजबुजलो, "महादू, तो दसरा..."

"काय?" महादू ओरडला.

"शूऽऽ!" पहिल्या लाल फडक्यामागून.

महादूने जीभ चावली आणि कानाकडे बोट दाखवलं. पिंपरीला आल्यावर त्याने बावीस वर्षं कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये काढली होती. पत्रा ठोकणाऱ्या यंत्रांनी त्याचे दोन्ही कान नेले होते. मोठ्याने बोललं तर ऐकू येई, कुजबुज नाही. आणि इथे तीन वाजेपर्यंत नुसती कुजबुज!

मी खूण केली, नंतर. खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

पुढचे दोन तास मी एका खोक्यावर बसून त्याचे हात बघितले. झाकण काढलं. पॉइंट सोडवले आणि एका वाटीत ठेवले. जुना फेल्टचा तुकडा चिमट्याने उचलला, तीन वेळा पुसला, बाजूला ठेवला. चकती दांड्यावर बसवली, तुकडा तिच्यासमोर, मध्ये कागदाएवढी जागा. लाल वायर इकडे, काळी वायर तिकडे. दर खेपेला तो हात पुसायचा, तीन वेळा. त्याच्या हाताखाली माझी गाडी लहान बाळासारखी गप्प पडून होती. त्याने मला कुठे कुठे हात घातलात, असं विचारलं नाही. विचारलं असतं तर? खूण करून सांगता येण्यासारखं ते नव्हतं.

एक वाजता काम झालं. पण चालू करायची नाही! नवी ठिणगी आत तयार बसलेली आणि चावी माझ्या खिशात. मी चार वेळा चावी चाचपली. चौथ्या वेळी महादूने हळूच माझा हात खिशातून बाहेर काढला.

तोवर सुवर्णाने पानं वाढली. ती खेडकडची. तिने मासवडी केली होती. नावात मासा असला तरी माशाचा कण नसतो. बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरं, लसूण भरून तिची वळी करायची, वड्या कापायच्या आणि झणझणीत रस्सा. सोबत बाजरीची भाकरी. माझ्या नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मला खोकला आला. मोठा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंडावर पंचा दाबून खोकला गिळायचा प्रयत्न केला, चेहरा लाल झाला, महादू पाठ थोपटायला उठला तर त्याचा पाय तांब्याला लागला. तांब्या घरंगळत अंगणात गेला, आवाज करत, थांबत, पुन्हा आवाज करत. आम्ही पाचही जणं, त्यातला मी खोकत आणि बाकी चार हसू दाबत. हो, पाच. तांब्याच्या आवाजाने पहिल्या खोलीतला भाडेकरू दार उघडून डोळे चोळत आला होता आणि ताटाकडे बघत म्हणाला, "मासवडी हाय व्हय? मग उठवायचं की!"

"झोपा तुमी," सुवर्णा म्हणाली. "तुमची ठेवलीय बाजूला. न्हाई संपवत आमी."

तीन वाजले. लाल फडकी सुटली. दोन्ही भाडेकरू तोंडाला फेस तसाच ठेवून दात घासायचं सोडून शेडपाशी आले. पहिली शिफ्ट सुटून उमेशही येऊन पोचला. महादूने मला खूण केली.

मी सेल्फ मारला. मारला असंही म्हणता येणार नाही. चावी अर्धी फिरली आणि गाडी चालू झाली. तीस वर्षांत पहिल्यांदा चोक नाही, पंपिंग नाही, देवाचं नाव नाही. महादूने ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंगचा दिवा लावून डबी तीळभर फिरवली. इंजिनाचा आवाज असा एकसारखा झाला की हिने बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवून बघितला. पाणी थरथरलं, सांडलं नाही. भाडेकरूंनी टाळ्या वाजवल्या. मी गाडीतून उतरलो, गाडीभोवती एक फेरी मारली, पुन्हा बसलो, उगाचच हॉर्न वाजवला. सत्तर ओलांडलेला माणूस, पण मला त्या वेळी कुणी पतंग दिला असता तर मी उडवला असता.

"चला साहेब, रस्त्यावर घिऊया," महादू पुढे बसला, ही मागे.

आम्ही चाकणच्या दिशेने निघालो. काय पळाली! शिफ्ट सुटलेली, रस्ताभर कंपनीच्या बस आणि मोटारसायकली. कुणी अंगठे दाखवत होतं, कुणी मोबाइल. एका ट्रेलरला मी मागे टाकलं, माझ्या आयुष्यात पहिल्यांदाच. मी खिडकीतून हात बाहेर काढून ओरडलो. काय ओरडलो आठवत नाही. शब्द नव्हताच बहुतेक.

आणि तेव्हा महादू बोलायला लागला. मोठ्याने, त्याच्या नेहमीच्या आवाजात.

"साहेब, एक बोलायचं हुतं. लई वर्षं ऱ्हायलंय. त्या दसऱ्याचं."

माझा पाय अ‍ॅक्सिलरेटरवर तसाच राहिला.

"खंडेनवमीला पंधरा गाड्या हुत्या माझ्याकडं. तुमच्या फेल्टला तेल सोडताना कुणीतरी भायरनं हाक मारली, माझी मान वळली. तवाच जास्ती पडलं आसनार. म्या लई दिस मनाला इचारलं, पडलं का न्हाय? पर पडल्याबिगर गाडी बसंल कशी? तुमाला अध्यक्षाम्होरं खाली बगायला लागलं. गाव सोडताना तुमच्या दारावरनं दोनदा गेलो, आत यायचं धाडस झालं न्हाय. आज हात जोडतो. माफ करा."

त्याने खरोखर हात जोडले. चालत्या गाडीत, माझ्याकडे वळून.

घडलंच नव्हतं ते त्याने आठवून काढलं होतं. त्या हाकेसकट. माझं एक वाक्य खरं ठरवायला त्याने स्वतःच्या हातावरचा विश्वास तीस वर्षं मोडून ठेवला होता. हे सगळं मला त्या क्षणी कळलं असं म्हणायला मला आवडेल. पण कळलं ते नंतर. त्या क्षणी गाडी पळत होती, वारा येत होता, अंगात आनंद मावत नव्हता, आणि त्या आनंदाच्या भरात, एका हाताने स्टिअरिंग धरून, दुसऱ्या हाताने त्याची पाठ थोपटत मी म्हणालो, "अरे सोड महादू! झालं गेलं. मी कधीच विसरलो."

हाच तो गाळलेला भाग.

महादूने डोळे पुसले आणि हसला. "आता बरं वाटलं बगा. ह्या नव्या इग्निशनीचं म्हणूनच मला कवतिक हाय, साहेब. ह्यात तेल न्हाय, फट न्हाय. कुनाची चूक व्हायला जागाच न्हाय."

मागच्या सीटवर हिने खिडकीची काच वर केली.

मोशीपासून परत

त्याला घरी सोडून, निरोप घेऊन आम्ही निघालो. मोशीपर्यंत मी गाडीचं कौतुक करत राहिलो. पुलावरून तिने खिडकीबाहेर बघतच विचारलं, "माफी त्याने मागायची होती का?"

मी गिअर बदलला.

"गाडी फिरवा."

फिरवली. येताना मी मनाशी सरळ वाक्य जुळवलं. तेल नव्हतं, तूप होतं, आणि ते मी घातलं. एवढंच तर म्हणायचं होतं. ओरडून म्हटलं असतं तरी आता हरकत नव्हती, फडकी सुटली होती.

अंगणात शेजारीपाजारी जमले होते. महादू ताटलीतून पेढे वाटत होता. आम्हाला पाहून तो सगळ्यांना मोठ्याने सांगू लागला, "ह्येच ते साहेब! माझ्या हातनं एवढी मोठी चूक झाली, तरी आज म्हनले, विसरलो! असा मानूस!" सुवर्णा वाकून माझ्या पाया पडली. उमेशने माझे दोन्ही हात धरले. "बाबा दर दसऱ्याला जेवत नसत नीट," तो म्हणाला. "यंदा जेवतील."

महादूचा चेहरा मी तेव्हा पाहिला. आमच्या गावात गॅरेज होतं तेव्हाचा तो चेहरा होता. मी स्वतःला सांगितलं, आता खरं बोलून याचा हा आनंद कशाला मोडायचा? हे कारण मी पुढे सहा वर्षं वापरलं. ते खोटं होतं. तो आनंद मोडला नसता, दुप्पट झाला असता. मोडला असता तो त्या अंगणातला माझा मान.

"काय राह्यलं का, साहेब?" महादूने विचारलं.

"चष्मा राहिला," मी म्हणालो.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा माझ्या नाकावर होता. अंगणभर जो हशा पिकला, त्यात महादू सगळ्यांत मोठ्याने हसला. मीही हसलो. फक्त ही हसली नाही. तिने पुढे होऊन ताटलीतला पेढा उचलला आणि महादूच्या हातावर ठेवला. "भाऊजी, तुम्हीही खा," एवढंच म्हणाली.

नंतर

गाडीने त्यानंतर एकदाही वाटेत दगा दिला नाही. पुढचे तीन दसरे महादूचा सकाळीच फोन येई. "साहेब, पूजा झाली का? अर्ध्या चावीला होतीया न्हवं चालू?" मी म्हणे, होते रे, होते. हिने फोन माझ्याकडून कधी मागून घेतला नाही. "ते तुमचं आहे," म्हणायची. चौथ्या वर्षी दसऱ्याला पंधरा दिवस असताना उमेशचा फोन आला. झोपेतच गेले, म्हणाला. मी विचारलं, काही बोलले का? तो म्हणाला, आदल्या दिवशी एका गिऱ्हाइकाला तुमची गोष्ट सांगत होते, मोठ्या मनाचा साहेब म्हणून.

उमेशलाही मी त्या दिवशी काही सांगितलं नाही. हे छापून आलं की पहिली प्रत त्याला पाठवीन, कुरुळीच्या पत्त्यावर. आणि जे त्याच्या वडिलांना ओरडून सांगायला हवं होतं, ते इथे लिहून ठेवतो.

महादेवराव, तुमच्या हातून त्या दिवशी काहीही जास्त पडलं नव्हतं. हाक कुणी मारली नव्हती, मान वळली नव्हती. तूप मी घातलं, नाव तुमचं घेतलं, आणि तुम्ही हात जोडलेत तेव्हा तुमची माफी ठेवूनही घेतली. ती माझी नव्हती. परत घ्या. आणि जमलं तर मला माफ करा.